नायराचे जावळ आणि जागतिक पेयजल महासंघ

सुज्ञ वाचकहो, रोकाबादो घराण्याच्या या दीर्घ वृत्तांतात यापूर्वी लग्ने, वाटण्या, एक बसचा अपघात आणि दोन फसलेल्या निवडणुका येऊन गेल्या. प्रस्तुत प्रकरणात एका दोन वर्षांच्या बालिकेचे केस कापण्याचा प्रसंग निवेदन करण्याचे योजिले आहे. केस ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु याच केसांच्या निमित्ताने एका जगद्व्यापी संस्थेच्या थोर अधिकाऱ्याने स्वतःच्या घरात कसा डाव मांडला, त्या डावात कोण कोणाच्या बाजूस गेले, आणि घराण्याची धाकटी सून लिसेत हिने अखेरीस काय केले, हे क्रमाने सांगितले जाईल. लेखनात काही न्यून आढळल्यास ते माझे मानावे. रोकाबादो मंडळींचे दोष मात्र त्यांचे त्यांनी सांभाळावेत.

त्या रविवारी सकाळी किल्याकोयो येथे आपल्या सासूच्या, डोन्या सातुर्निनाच्या, चिचेरियाच्या (म्हणजे गुत्त्याच्या) मागील अंगणात लिसेत आपल्या कन्येस मांडीवर घेऊन बसली होती. दारावरील काठीला पांढरे निशाण लागलेले होते, म्हणजे मक्याची ताजी दारू, चिचा, तयार होती. परंतु आज ती गिऱ्हाइकांसाठी नसून पाहुण्यांसाठी होती. लिसेत नायराच्या केसांच्या बारीक बारीक बटा वेगळ्या करून प्रत्येकीस रंगीत फीत बांधीत होती. एकेक पाहुणा एकेक बट कापणार, अशी ती रीत. नायरा प्रत्येक फितीगणिक एक किंकाळी फोडीत होती, आणि त्या किंकाळ्यांच्या वरताण आवाजात लिसेतचे थोरले दीर एर्मोहेनेस रोकाबादो हे आपली योजना कुटुंबियांस समजावून सांगत होते.

एर्मोहेनेस हे जागतिक पेयजल महासंघाच्या दक्षिण विभागाचे खरेदीप्रमुख. महासंघाचे मुख्यालय जिनिव्हा येथे, ब्रीदवाक्य 'प्रत्येक ओठी थेंब', आणि अंगरखा असंख्य खिशांचा. ते हा अंगरखा लग्नांतही घालीत असत.

"कलम सोपं आहे," एर्मोहेनेस म्हणाले. "चौकशी करणाराचं चौकशी होणाराशी नातं नको. रक्ताचं नको, लग्नाचं नको, धर्माचं नको. हे धर्माचं मी घालायला लावलं. समितीवर मीच होतो ना. साहेबांना कोमाद्रे म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. म्हटलं, साहेब, आमच्याकडे जी बाई पोराच्या जावळाची पहिली बट कापते, ती त्याच्या आईबापाला सख्ख्या बहिणीहून जवळची. मरेपर्यंत. साहेबांनी टाळ्या वाजवल्या."

"मग आता?" बेत्साबेने विचारले. ती एर्मोहेनेस आणि लिसेतचा पती विल्बेर या दोन भावांमधली बहीण. तिचा मुलगा एडसन महासंघातच वाहनचालक असल्यामुळे थोरल्या भावाचा प्रत्येक शब्द तिला गोड लागे.

"आता काय. माझी चौकशी करायला आलेली मुख्यालयाची बाई आज पहिली कात्री चालवेल. तू फोटो काढ. उद्या फोटो जिनिव्हाला, परवा बाई विमानात. मग नवीन माणूस नेमायला समिती बसेल. समिती कोणी नेमायची हे ठरवायला त्याआधी एक समिती. तोवर मी निवृत्त, गळ्यात हार, हातात घड्याळ."

"अन् बाई येईल कशावरून?"

"हो म्हणाली. एका शब्दात. मला वाटलं होतं, आढेवेढे घेईल. अगं, ही मंडळी देशोदेशी हॉटेलात एकटीच जेवतात. कोणी घरी बोलावलं की विरघळतात."

डोन्या सातुर्निना तांब्याच्या कढईत डुकराचे मांस परतीत होत्या. त्यांनी मागे न बघताच उत्तर दिले, "केस कापून नातं लागतं ते लागतं, एर्मो. फोटोपुरतं लागत नाही. कोमाद्रे म्हणजे काय महासंघाची टोपी आहे, घातली अन् काढली?"

"आई, तू धर्म सांभाळ. कलमं मी सांभाळतो."

"अन् पोर माझी आहे, त्याचं काय?" हा प्रश्न विल्बेर याने विचारला, परंतु इतक्या हळू की तो बहुधा कढईतच पडला.

लिसेतने आणखी एक फीत बांधली. मान वर न करता ती पुढची बट चाचपू लागली. कारण ज्या चौकशीला परवा विमानात बसवून देण्याचे घाटत होते, ती चौकशी तिच्याच एका दूरध्वनीमुळे सुरू झाली होती, आणि ही गोष्ट तिच्यावाचून जगात कोणासही ठाऊक नव्हती.

हा दूरध्वनी क्रमांक तिला मिळाला तो प्रकारही सांगण्याजोगा आहे. महासंघात दरवर्षी सचोटी सप्ताह पाळला जाई आणि त्याचे अध्यक्षस्थान एर्मोहेनेस भूषवीत. गेल्या वर्षीच्या सप्ताहात किल्ल्यांच्या साखळ्या उरल्या. त्यांवर 'गैरप्रकार दिसला? निर्भयपणे कळवा' असे छापून खाली क्रमांक दिलेला होता. नाताळात एर्मोहेनेस यांनी काटकसर म्हणून त्याच साखळ्या सर्व नातलगांस भेटीदाखल वाटल्या. लिसेत शाळेत विज्ञान शिकविते; छापलेले वाचण्याची तिला खोड आहे.

कळवायचे होते ते चाकीमायूविषयी. चाकीमायू हे तिच्या माहेरचे गाव. तेथे महासंघाने कूपनलिका खणली. खणण्याचे कंत्राट विल्बेरच्या बोअरच्या गाडीला मिळाले, हे सांगणे नलगे. घरचीच गाडी, घरचाच शिक्का. उद्घाटनास वाजंत्री आली, दगडी पाटी बसली, आणि गावाने पंपाची राखण करण्यासाठी लिसेतच्या वडिलांची, डॉन तोरिब्यो यांची एकमताने निवड केली. पहिला पेला त्यांनीच प्यायला आणि सर्वांदेखत ते रडले. दोनतीन दिवसांतच पंप गाढवासारखा आवाज काढू लागला. पाणी काही आले नाही. तेव्हापासून गाव म्हणे की तोरिब्योला पंप सांभाळता येत नाही. तोरिब्योलाही तसेच वाटे. ते दर शनिवारी पंपाला तेल घालीत, सुटा भाग खोलून पुसून पुन्हा बसवीत, आणि मग बादल्या घेऊन वाळूतले खड्डे उपसायला जात. गावच्या बायका त्यांच्याकडे पाठ करून उभ्या राहात.

बोअर अर्धीच आहे, असा लिसेतला संशय होता. नवऱ्याला तिने दोनदा विचारले. तो दोन्ही वेळा गाडीखाली शिरला.

"तक्रार कोणी केली ते कळलं की त्याला मी चिचेच्या रांजणात बुडवीन," बेत्साबे म्हणाली. "मला तर तो काढून टाकलेला पहारेकरीच वाटतो. नाहीतर मोजणीखात्यातली ती नाक वर केलेली. लिसेत, तुझं काय मत?"

"माझं कसलं मत, वन्सं."

"तुला मत नसतं ते मला आवडतं," बेत्साबे म्हणाली आणि नायराच्या गालाचा पापा घेऊन फोटोसाठी चांगला उजेड शोधू लागली.

भर दुपारी पाहुणे जमले. डॉन तोरिब्यो चाकीमायूच्या बसने आले, स्वच्छ टोपी घालून, आणि सवयीने सर्वांत मागच्या बाकावर बसले. पाठोपाठ टॅक्सीतून महासंघाच्या तपासणी अधिकारी उतरल्या. नाव मिलाग्रोस दिमायुगा. वास्तव्य जिनिव्हा, मूळ देश फिलिपिन्स. बुटकी, पन्नाशीची, पायांत मजबूत बूट, हातात छत्री. त्यांच्या मागोमाग टॅक्सीतून एक मेंढीही उतरली.

"चिनी बाई मेंढी घेऊन आली," बेत्साबे कुजबुजली.

"चिनी नाही, फिलिपिनो," एर्मोहेनेस म्हणाले. "कोणीका असेना. मेंढीही फोटोत घे. भेट दिली हे आणखी बरं."

मिलाग्रोसबाईंना चिचेचा पेला दिला गेला. त्यांनी आधी थोडी जमिनीवर, धरतीमायच्या नावाने, ओतली आणि उरलेली एका दमात संपविली. अंगणात प्रशंसेचा हुंकार उठला. बाई विकली गेली, असे लिसेतच्या मनाने मात्र घेतले. मेंढीच्या आणि मांसाच्या वासात माणूस किती लवकर विरघळतो, या विषयात एर्मोहेनेस यांचा अभ्यास दांडगा होता.

बाई हात धुण्यास स्वयंपाकघरात गेल्या, तशी लिसेत त्यांच्या मागे गेली आणि दार लोटून घेतले.

"बाई, कात्री हातात धरू नका."

"का बरं?" त्यांचे स्पॅनिश पुस्तकी, पण चांगले होते.

"धरलीत तर चौकशी तुमच्या हातून जाईल. तसं कलम आहे."

"ठाऊक आहे. पाठ आहे मला."

"मग?" लिसेतचा आवाज चढला. "काय दिलं तुम्हाला त्यांनी?"

"अजून तरी काही नाही. हॉटेलातल्या नळाला पाणीसुद्धा नाही," मिलाग्रोसबाई हात पुसत म्हणाल्या. "बसा ना. तुम्ही चिडला आहात ते बरं आहे. मी इतकी वर्षं चौकशा करते आहे. बंद खोलीत माणसं बोलावते. ती म्हणतात, आठवत नाही. मी अहवाल लिहिते. अहवालावर एक बैठक होते, बैठकीत बिस्किटं असतात. एकदा मी ज्याला दोषी ठरवलं त्याला बढती मिळाली. म्हणाले, त्याला आता गैरप्रकारांचा अनुभव आहे."

लिसेतला हसू आले आणि रागही आला.

"आमच्याकडेही ही नाती असतात," बाई पुढे म्हणाल्या. "स्पॅनिश लोकांनी तुम्हालाही दिली, आम्हालाही दिली. माझ्या आईच्या कोमाद्रेला आमचे वडील पोलिसापेक्षा भीत. मला एक सांगा. जावळाच्या दिवशी कोमाद्रेनं काही विचारलं, तर तुमच्यात काय करतात?"

"खरं सांगतात. सांगावंच लागतं. नाहीतर ते खोटं पोराच्या डोक्यावर बसतं."

"तुम्ही मानता?"

"मी विज्ञान शिकवते," लिसेत म्हणाली. "आणि मानते."

"झालं तर. मग कात्री माझ्या हातात तुम्हीच द्या." दाराशी जाऊन त्या थांबल्या. "आणि तक्रार कोणी केली ते मला सांगू नका. तेवढं एक कलम चांगलं आहे."

लिसेत तशीच उभी राहिली. बाईंनी कोणाला काय विचारायचे योजिले आहे, हे तिच्या ध्यानी आले. बाई एर्मोहेनेसला विचारणार नव्हती. तो पोरीचा नुसता काका. नाते लागणार होते ते तिच्याशी आणि विल्बेरशी. गाडी विल्बेरची, बोअर विल्बेरची, आणि दूरध्वनी उचलताना लिसेतने जे स्वतःपाशी कबूल केले नव्हते ते आता तिच्या पुढ्यात येऊन बसले: चौकशी पुढे गेली तर पहिली मान तिच्या नवऱ्याची अडकेल. बाहेर तिची कन्या हाका मारीत होती. आणि खिडकीतून मागच्या बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेले तिचे वडील दिसत होते.

तिने रीतीप्रमाणे ताटात लोकर पसरली, तीवर कात्री ठेवली, आणि ताट घेऊन ती बाहेर गेली.

पहिली बट मिलाग्रोसबाईंनी कापली. बेत्साबेने उभे, आडवे, मेंढीसह आणि मेंढीविरहित असे फोटो काढले. बट कापणाऱ्याने आपली भेट मोठ्याने जाहीर करायची, म्हणजे ती साऱ्या समाजासमक्ष बालकाची होते आणि परत फिरविता येत नाही, ही तिथली पद्धत. बाईंनी मेंढी जाहीर केली. वाजंत्री वाजली. सर्वांनी त्यांना मिठ्या मारल्या आणि "कोमाद्रे, कोमाद्रे" असा गजर झाला. एर्मोहेनेस यांनी तर दोन्ही गालांचे मुके घेतले आणि खुर्चीत असे पसरले की अंगरख्याचे सगळे खिसे उघडे पडले. मग निम्म्या पाहुण्यांनी पुढे होऊन एकेक बट कापली.

"कोंपाद्रे," मिलाग्रोसबाई विल्बेरच्या शेजारी बसत, कोमाद्रेने पोराच्या बापाला हाक मारावी तशी हाक मारून म्हणाल्या, "आता आपण घरचे. एक विचारू?"

"विचारा ना, कोमाद्रे."

"चाकीमायूची बोअर पुरती खणली आहे का?"

वाजंत्रीवाल्याने नेमका त्याच वेळी श्वास घ्यायला बाजा खाली ठेवला होता. सर्वांना ऐकू गेले.

"कोमाद्रे, आज सुट्टीच्या दिवशी कामाचं कशाला," एर्मोहेनेस हसत म्हणाले.

"काम कुठलं? माझं काम तर तुम्ही मघाशीच घालवलंत." लोक हसले. "कोमाद्रे म्हणून विचारते आहे. कोंपाद्रेला."

विल्बेरने आधी भावाकडे पाहिले, मग आईकडे. डोन्या सातुर्निना झारा हातात धरून उभ्या होत्या.

"मला काय बघतोस," त्या म्हणाल्या. "कोमाद्रेनं विचारलंय. तुझ्या लेकीचे निम्मे केस अजून डोक्यावर आहेत."

"आई, तू मध्ये पडू नकोस," एर्मोहेनेस म्हणाले.

"मी मध्येच आहे रे. तुम्ही दोघं माझ्यातूनच आलात."

विल्बेरने लिसेतकडे पाहिले. तिने मान खाली घातली नाही. गाडीखाली शिरण्यास तेथे गाडी नव्हती.

"निम्मी आहे," तो म्हणाला. "खडक लागला. खणायची बिट तुटली. दादाला म्हटलं, नवी बिट लागेल, वेळ लागेल. दादा म्हणाला, उद्घाटन ठरलंय, साहेब निघालेत, तू वरून पाणी ओत. ओतलं."

"वरून म्हणजे?"

"टँकर. रिकामा केला बोअरमध्ये. तेच पाणी पंपातून आलं. जेवढं ओतलं तेवढं."

मागच्या बाकावरून डॉन तोरिब्यो उठले. वृद्ध माणसे पुढे येताना वाट मागतात तशी वाट मागत ते पुढे आले.

"जावईबापू, म्हणजे पंपात काही बिघाड नाही?"

"नाही, बाबा."

"तेल कमी पडत नव्हतं?"

"नाही."

"वरच्या वायसरला मी दोष देत होतो," तोरिब्यो म्हणाले. "दोन वेळा बदलला." त्यांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "गावात कुणाला तरी सांगाल का हे? माझं कोणी ऐकायचं नाही."

त्यानंतर जे घडले ते कोणाच्याही योजनेत नव्हते. बेत्साबेने हातातला मोबाईल खिशात टाकला आणि ती थोरल्या भावावर धावून गेली.

"टँकर कोणी चालवला? माझ्या एडसननं ना? मला सांगितलंस उद्घाटनाच्या फुलझाडांना पाणी आहे."

"फुलझाडंही होती, बेत्सा."

"कागदाची होती ती. मीच केली होती. माझ्या पोराला चोर केलंस आणि मी तुझे फोटो काढते इथं मेंढीबरोबर."

"शांत, शांत." एर्मोहेनेस उठून उभे राहिले. अशा समयी ते खरोखर प्रेक्षणीय दिसत; घाम नाही, थरथर नाही, जणू भाषणास उठले आहेत. "मंडळी, घरातली गोष्ट आहे. कोमाद्रेंनी विचारलं, भावानं सांगितलं, मन मोकळं झालं. यापुढे काय? कोमाद्रेंना आता एक ओळ लिहिता येणार नाही. नात्यात आल्या त्या."

"एक ओळही नाही," मिलाग्रोसबाईंनी मान्य केले. "लिहिणारी दुसरी आहे. काल मी मुख्यालयाला कळवलं की उद्या मी यांची कोमाद्रे होणार, मला मोकळं करा. संध्याकाळीच माझ्या जागी माणूस नेमला."

"समिती?"

"समिती गेल्या वर्षी बंद केली. त्या बैठकीला तुम्ही नव्हतात. तुम्ही इकडे सचोटीच्या साखळ्या वाटत होतात." बाईंनी चिचेचा घोट घेतला. "चौकशी करणारीला साक्ष देता येत नाही, तेही कलमच आहे. कोमाद्रेला देता येते. नव्या माणसानं मला विचारलं, तर जावळात जे ऐकलं ते मी सांगणार. कोंपाद्रे, तुमचंही नाव त्यात येईल. मी गोड बोलून फसवलं असं नको. हे तुम्हाला तोंडावर सांगते आहे."

विल्बेरने नुसती मान हलविली. लिसेतने पाहिले, तो कित्येक महिन्यांत असा ताठ बसला नव्हता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असे. परंतु एर्मोहेनेस रोकाबादो यांना कमी लेखण्याची चूक वाचकांनी करू नये. जिनिव्हाच्या लोकांनी ती कधी केली नाही. त्यांनी क्षणभर ताटातील कात्रीकडे पाहिले. मग ती उचलली, नायराजवळ गेले, तिला एक विनोदी तोंड करून दाखविले, ती हसताच बट कापली, आणि दोन्ही हात वर करून गर्जना केली:

"माझी भेट. चाकीमायूची बोअर. पाणी लागेपर्यंत. नवी बिट, नवी गाडी, सगळं माझ्या स्वतःच्या पदरचं. साऱ्यांनी ऐका. उद्यापासून."

प्रथम कोणाचा विश्वास बसेना, आणि मग अंगण कोसळले. टाळ्या, शिट्ट्या, बाजा. जाहीर केलेली भेट परत फिरत नाही, हे तेथील पोरासोरांस ठाऊक. चाकीमायूहून आलेल्या दोघी म्हाताऱ्या रडू लागल्या. वाजंत्रीने एर्मोहेनेस यांच्या नावाचा जयघोष सुरू केला. बेत्साबेच्या तोंडावरचा राग अर्धा राहिला, अर्धा गेला. तीच तऱ्हा डोन्या सातुर्निनांची.

"एवढं तरी केलंस," त्या म्हणाल्या. "पाणी आलं की झालं. आपलीच माणसं."

"झालंच तर," एर्मोहेनेस म्हणाले. त्यांनी कात्री ताटात ठेवली आणि आवाज खाली आणला. आता भाषण संपून हिशेब सुरू झाला होता. "कोमाद्रे, एक कलम तुम्हालाही ठाऊक असेल. तक्रारदारानं तक्रार मागे घेतली की फाईल बंद. बरोबर?"

"बरोबर," बाई नाइलाजाने म्हणाल्या.

"तक्रारदार कोण ते मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नाही. पण तो चाकीमायूचाच कोणी असणार आणि आज इथं असणार. त्याला पाणी हवं होतं, मिळालं. आता माझ्या भावाला तुरुंगात घालायचं, की घरी जाऊन बादली भरायची? शहाणा असेल तर उद्या एक फोन करेल. नाव विचारत नाही मी. राग नाही माझा."

पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. बोलणे वावगे नव्हते. डॉन तोरिब्यो हळूच म्हणाले, "पाणी येणार असेल तर, पोरांनो, देवाचं नाव घ्यावं आणि..." आणि काय, ते त्यांना सुचले नाही. मिलाग्रोसबाई जमिनीकडे पाहात होत्या. त्यांनी अशा अनेक फाईली याच टप्प्यावर बंद होताना पाहिल्या असाव्यात.

लिसेतने मनाशी तोलून पाहिले. कोणी काही मागत नव्हते. तिने नुसते गप्प बसायचे होते, ज्यात ती या घरात नावाजलेली होती. वडिलांचे नाव धुऊन निघाले होते. नवरा वाचत होता. सोमवारी एक फोन, आणि रविवारचे जेवण पूर्वीसारखे. तिने नायराला उचलून कडेवर घेतले. निम्मे डोके भादरलेले, निम्म्यावर फिती. पोर तिच्या कानातल्याशी खेळू लागली.

"भाऊजी," ती म्हणाली.

"बोल, सूनबाई." एर्मोहेनेस प्रसन्न होते.

"बोअर नायराची झाली. सगळ्यांनी ऐकलंय, ती आता खणावीच लागेल. त्याबद्दल तुमचे उपकार." तिचा आवाज वर्गात असावा तसा होता, सर्वांत मागच्या बाकापर्यंत जाणारा. "तक्रार माझी आहे. ती मी मागे घेत नाही."

बेत्साबेच्या तोंडून शब्द फुटला नाही, ही या घराण्याच्या इतिहासातील पहिलीच वेळ.

"तुझी?" एर्मोहेनेस म्हणाले. "अगं, तुझ्या बापाला पाणी मिळालं ना? आणखी काय पाहिजे तुला? नवऱ्याला आत घालायचंय?"

"नाही घालायचं. तीच भीती आहे मला. पण तुमच्या पाट्या आणखी गावांत आहेत, भाऊजी. तिथंही कोणी म्हातारा पंपाला तेल घालत असेल. त्या गावांत तुमच्या पुतणीचं जावळ नाही."

कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. बाजा बंदच होता. डोन्या सातुर्निना चुलीकडे वळल्या, कारण मांस करपू लागले होते, आणि तेथून त्या कोणाकडेही न पाहता म्हणाल्या, "केस अर्धे ठेवून कोणी उठायचं नाही. पुढचा या."

एर्मोहेनेस खिशांतून मोबाईल शोधू लागले. बरेच खिसे होते.

विल्बेर उठून लिसेतजवळ आला. तिला वाटले आता तो काहीतरी बोलेल, आणि ते ऐकण्यास तिने मन घट्ट केले. त्याने नायराला तिच्या कडेवरून स्वतःकडे घेतले, पायाने खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि म्हणाला, "बस. हिला मी धरतो."

येथे हे प्रकरण पुरे करितो. ज्या वाचकांनी इतक्या धीराने रोकाबादो मंडळींच्या अंगणात बसून हा सारा गोंधळ ऐकून घेतला, त्यांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. माझ्यासारख्या अल्पशिक्षिताच्या लेखणीस आपण वेळ दिलात, हा मी माझा मोठा सन्मान समजतो.

आपला नम्र,
फाउस्तिनो क्लारोस
किल्याकोयो